सातांतले चार: एनबीएचे प्लेऑफ असे का खेळले जातात?

१९८१ साली ह्यूस्टन रॉकेट्स एनबीएच्या अंतिम मालिकेत पोहोचले, तेव्हा त्यांच्या हंगामाच्या खात्यात ४० विजय होते आणि ४२ पराभव. जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेला संघ बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगच्या विजेतेपदासाठी खेळत होता. वाटेत त्यांनी गतविजेत्या लॉस एंजेलिस लेकर्सना घरी बसवलं होतं. लेकर्सकडे मॅजिक जॉन्सन होता, करीम अब्दुल-जब्बार होता, हंगामात कमावलेले ५४ विजय होते. पण पहिल्या फेरीची ती मालिका फक्त तीन सामन्यांची होती. ह्यूस्टनने लॉस एंजेलिसला जाऊन पहिला सामना मारला, दुसरा स्वतःच्या घरी गमावला आणि तिसरा पुन्हा लॉस एंजेलिसमध्येच ८९-८६ असा जिंकला. हिवाळाभर खपून लेकर्सनी जे कमावलं होतं, ते आठवड्याभरात पाण्यात गेलं.

याला अन्याय म्हणायचं की गंमत? एनबीएच्या प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, जवळपास ऐंशी वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. सरस संघच जिंकावा असं वाटत असेल, तर मालिका लांबवावी लागते. धक्के हवे असतील, तर ती आखूड करावी लागते. आणि संघमालकांना तिकिटं नि टीव्हीचे पैसे दोन्ही बाजूंनी हवे असतात. प्लेऑफचा प्रत्येक नियम या ओढाताणीतून निघालेला आहे, आणि हे एकदा ध्यानात आलं की एरवी किचकट वाटणारी ती रचना आपोआप उलगडत जाते.

आधी आजचा ढाचा बघू. लीगमध्ये ३० संघ आहेत, १५ पूर्वेच्या कॉन्फरन्समध्ये आणि १५ पश्चिमेच्या. ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यानंतर प्रत्येक कॉन्फरन्समधले पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे चार संघ आपसांत छोटी पात्रता फेरी खेळतात, तिला प्ले-इन म्हणतात. त्यातून दोघे वर येतात. असे दोन्हीकडचे आठ-आठ, एकूण १६ संघ मैदानात उतरतात. पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी. पूर्वेचे पूर्वेशीच लढतात आणि पश्चिमेचे पश्चिमेशी. दोन्हीकडचे विजेते थेट अंतिम मालिकेत समोरासमोर येतात. चारही फेऱ्या ‘बेस्ट ऑफ सेव्हन’, म्हणजे सातांतले चार सामने जो आधी जिंकेल तो पुढे. विजेतेपदासाठी एकूण १६ सामने जिंकावे लागतात आणि त्यात जून उजाडतो.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. पहिली फेरी संपल्यावर नव्याने जोड्या लावल्या जात नाहीत. आठव्याने पहिल्याला उडवलं, तर तो पहिल्याच्या जागी बसतो आणि पुढच्या फेरीत चौथ्या-पाचव्यातल्या विजेत्याशी खेळतो. म्हणजे धक्का एकाला बसतो आणि वाट भलत्याचीच सोपी होते.

सातच का?

याचं उत्तर गणितात आहे, आणि गणित अवघड नाही. समजा ‘अ’ संघ ‘ब’पेक्षा सरस आहे, इतका की कुठलाही एक सामना ‘अ’ जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. एकाच सामन्यावर फैसला केला, तर शंभरातल्या ४० वेळा दुबळा संघ पुढे जाईल. तीन सामन्यांची मालिका ठेवली, तर ‘अ’ची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास जाते. पाच सामन्यांच्या मालिकेत ती ६८ होते आणि सातच्या मालिकेत ७१. दोन संघांतली दरी आणखी मोठी असेल, म्हणजे एका सामन्यात ७० टक्के, तर सातच्या मालिकेत ती ८७ टक्क्यांवर पोहोचते. मालिका लांबली की नशिबाचा वाटा कमी होतो, पण संपत कधीच नाही.

त्यात बास्केटबॉलचा स्वभावच असा आहे की एका सामन्यातही नशिबाला फार वाव मिळत नाही. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत मोजकेच गोल होतात आणि अनेकदा एखाद्यावर सामना ठरतो. इथे एकेका संघाच्या हाती साधारण शंभरेक वेळा चेंडू येतो, शंभरेकदा चढाई करायला मिळते. एक-दोन चेंडू रिंगला लागून बाहेर गेले म्हणून बिघडत नाही. असा खेळ सात-सात वेळा खेळवला, तर शेवटी हुकमाचे पत्ते ज्याच्या हातात आहेत तोच बहुधा जिंकतो. म्हणूनच ३-० अशा पिछाडीवरून मालिका जिंकणं २०२५ पर्यंत एनबीएच्या एकाही संघाला जमलेलं नाही. ३-३ अशी बरोबरी साधण्यापर्यंत चार संघ पोहोचले: १९५१ मध्ये न्यूयॉर्क, १९९४ मध्ये डेन्व्हर, २००३ मध्ये पोर्टलंड आणि २०२३ मध्ये बॉस्टन. चौघेही सातव्या सामन्यात हरले. ३-१ वरून मात्र काही जण उठून उभे राहिलेत. त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१६ चं. त्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम करणाऱ्या गोल्डन स्टेट वॉरियर्सना लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंड कॅव्हलियर्सनी अंतिम मालिकेत असंच हरवलं.

सुरुवातीचा सावळागोंधळ

१९४६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये काही स्टेडियममालक एकत्र आले. त्यांच्याकडे आइस हॉकीची मोठमोठी बंदिस्त स्टेडियमं होती आणि हॉकी नसलेल्या रात्री ती रिकामी पडून राहत. त्या रात्री भराव्यात म्हणून बास्केटबॉलची लीग काढली गेली. तिचं नाव बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका. पुढे १९४९ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग या प्रतिस्पर्ध्याशी तिचं विलीनीकरण झालं आणि एनबीए हे नाव आलं. जन्मच तिकीटविक्रीसाठी झालेला असल्यामुळे पुढच्या बऱ्याच गोष्टींचं आश्चर्य वाटायला नको.

पहिल्या हंगामात ११ संघ होते, दोन विभागांत वाटलेले. वॉशिंग्टन कॅपिटल्सनी ६० पैकी ४९ सामने जिंकून सगळ्यांना मागे टाकलं. त्यांचे प्रशिक्षक होते रेड आउअरबाख, ज्यांचं नाव पुढे बॉस्टनशी कायमचं जोडलं गेलं. आता त्या वर्षीची प्लेऑफची रचना बघा. दोन्ही विभागांतल्या पहिल्या क्रमांकाच्या संघांना उपांत्य फेरीतच एकमेकांशी भिडवलं होतं. दुसऱ्या क्रमांकाचे संघ आपसांत, तिसऱ्याचे आपसांत, आणि मग त्या दोघांतले विजेते एकमेकांशी. म्हणजे लीगमधल्या दोन अव्वल संघांपैकी एक अंतिम फेरीआधीच बाद होणार हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरलेलं! झालंही तसंच. शिकागो स्टॅग्जनी वॉशिंग्टनला ४-२ ने हरवलं. दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या क्रमांकावरचे फिलाडेल्फिया वॉरियर्स दोन छोट्या मालिका जिंकून वर आले आणि अंतिम मालिकेत शिकागोला ४-१ ने हरवून पहिले विजेते ठरले. ६० सामन्यांत ४९ विजयांचं वॉशिंग्टनला बक्षीस काय, तर सर्वांत अवघड वाट.

१९४९-५० मध्ये विलीनीकरणानंतर संघ झाले १७ आणि विभाग तीन. तिघांचे तीन विजेते. आता तिघांतून दोघे कसे काढायचे? उपाय असा निघाला की सर्वांत सरस कामगिरी असलेल्या सिरॅक्यूज नॅशनल्सना थेट अंतिम मालिकेत बसवायचं आणि उरलेल्या दोघांनी एकमेकांशी खेळायचं. सिरॅक्यूजला बसून मिळालेल्या विश्रांतीचा उपयोग झाला नाही. जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सनी त्यांना हरवलं. १९५४ मध्ये तर प्रत्येक विभागातल्या वरच्या तीन संघांत चक्क साखळी सामने खेळवून एकाला वगळायचं, असा प्रयोग झाला. तो एकाच वर्षात आटोपला.

पुढे काही संघ बुडाले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात लीगमध्ये उरले आठ. त्यातले सहा प्लेऑफमध्ये जायचे. ७२ सामन्यांचा हंगाम खेळायचा आणि त्यातून बाद कोण होणार, तर फक्त दोन संघ. हंगाम म्हणजे प्लेऑफची लांबलचक जाहिरात झाली होती म्हणा ना. मात्र विभागात पहिल्या येणाऱ्या संघाला पहिली फेरी खेळावी लागत नसे, त्यामुळे पहिल्या क्रमांकाला किंमत होती. ही सवलत आज उरलेली नाही, आणि मला विचाराल तर ती असायला हवी होती.

चौथ्या क्रमांकाने दिलेलं विजेतेपद

१९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत बॉस्टन सेल्टिक्सनी अकरा विजेतेपदं मिळवली. त्यातली आठ सलग, १९५९ ते १९६६. या सगळ्याच्या केंद्रस्थानी होता बिल रसेल. अशा संघाला रचनेची मदत कशाला लागेल, असं वाटतं. पण शेवटचं, अकरावं विजेतेपद थेट एका नियमबदलामुळे मिळालं, आणि ही गोष्ट मला प्लेऑफच्या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

१९६६ पर्यंत प्रत्येक विभागातून तीनच संघ प्लेऑफमध्ये जायचे. १९६७ पासून चार जाऊ लागले. लीग वाढत होती, नवे संघ येत होते, त्यांना आशेला जागा हवी होती. १९६९ पर्यंत बॉस्टन थकलं होतं. रसेल स्वतःच खेळाडू आणि स्वतःच प्रशिक्षक होता, वय ३५. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या मागे पूर्व विभागात त्यांचा नंबर लागला चौथा, ४८ विजयांसह. तीनच वर्षांपूर्वीचा नियम असता, तर त्यांचा हंगाम तिथेच संपला असता.

ते आत आले, फिलाडेल्फियाला हरवलं, न्यूयॉर्कला हरवलं आणि अंतिम मालिकेत त्यांच्यासमोर उभे राहिले जेरी वेस्ट आणि विल्ट चेंबरलेनचे लेकर्स. मालिका सात सामन्यांपर्यंत गेली. शेवटचा सामना लॉस एंजेलिसमध्ये होता, आणि लेकर्सच्या मालकांनी विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. बॉस्टन १०८-१०६ ने जिंकलं. फुगे वरच राहिले. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला आणि तो मिळाला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. रसेल त्यानंतर निवृत्त झाला.

पुढची पंधरा वर्षं प्लेऑफ फुगत गेले. १९७५ मध्ये दहा संघ. १९७६ मध्ये एबीए ही दुसरी लीग बंद पडून तिच्यातले डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि सॅन अँटोनिओ असे चार संघ एनबीएत आले, मग १९७७ मध्ये बारा. १९८४ मध्ये सोळा, आणि तो आकडा आजही कायम आहे. त्या वेळी लीगमध्ये २३ संघ होते, म्हणजे बाहेर राहायचे फक्त सात! १९८१ मधलं ह्यूस्टनचं प्रकरण याच काळातलं. पहिल्या फेरीच्या तीन सामन्यांच्या मालिकेने लेकर्सचा घात केला, आणि त्या वर्षी पश्चिमेच्या अंतिम फेरीत ह्यूस्टनसमोर आलेल्या कॅन्सस सिटीचंही खातं ४०-४२ असंच होतं. १९८४ मध्ये पहिली फेरी पाच सामन्यांची झाली आणि २००३ मध्ये सातची.

पाचच्या मालिकांच्या काळातही धक्के बसत राहिले. १९९४ मध्ये आठव्या क्रमांकाच्या डेन्व्हरने पहिल्या क्रमांकाच्या सिॲटलला ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ ने हरवलं. आठव्याने पहिल्याला उडवण्याची ती पहिलीच वेळ. १९९९ मध्ये आठवं न्यूयॉर्क पाचव्या सामन्यात ॲलन ह्यूस्टनच्या शेवटच्या सेकंदातल्या बास्केटवर मायामीला हरवून निघालं ते थेट अंतिम मालिकेपर्यंत गेलं. २००३ नंतर अशा घटना बंद होतील अशी अनेकांची अटकळ होती. ती चुकली. २००७ मध्ये गोल्डन स्टेटने ६७ विजयांच्या डॅलसला सातच्या मालिकेतही ४-२ ने हरवलं. शक्यता कमी होणं आणि ती नाहीशी होणं यांतला फरक इथे दिसतो.

घरचं कोर्ट

सात सामने विषम असतात, त्यामुळे एकाला घरी चार खेळायला मिळतात आणि दुसऱ्याला तीन. चार कोणाला, तर वरच्या क्रमांकाच्या संघाला. अंतिम मालिकेत दोन वेगळ्या कॉन्फरन्सचे संघ असतात, म्हणून तिथे हंगामातले विजय मोजले जातात. ८२ सामन्यांच्या दगदगीतून हाती येणारा खरा नफा एवढाच, एक जादा घरचा सामना. तोही मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली तरच.

हे सामने कोणत्या क्रमाने? नेहमीचा क्रम दोन-दोन-एक-एक-एक. पहिले दोन सरस संघाच्या घरी, पुढचे दोन दुसऱ्याच्या, मग आळीपाळीने. १९८४ च्या अंतिम मालिकेत बॉस्टन आणि लॉस एंजेलिस भिडले, आणि दोन्ही संघ, पत्रकार, टीव्हीवाले सगळे अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानांनी येरझाऱ्या घालत राहिले. १९८५ पासून अंतिम मालिकेपुरता क्रम बदलला: दोन-तीन-दोन. प्रवास वाचला, पण एक विचित्र गोष्ट घडली. मालिका २-२ अशी असताना निर्णायक समजला जाणारा पाचवा सामना आता कमी क्रमांकाच्या संघाच्या घरी होऊ लागला. त्या संघालाही त्याचा निर्भेळ फायदा मिळाला असं नाही, कारण घरचे सलग तीन सामने जिंकणं फारच थोड्यांना साधलं. २००४ मध्ये डेट्रॉइटने आणि २००६ व २०१२ मध्ये मायामीने ते करून दाखवलं, आणि तिन्ही वेळा विजेतेपद त्यांचंच झालं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये मालकांनी एकमताने जुना क्रम परत आणला. खासगी विमानांच्या जमान्यात प्रवासाची सबब टिकण्यासारखी नव्हतीच.

नियमाने केलेली पंचाईत

२००४ मध्ये लीगचे सहा डिव्हिजन, म्हणजे छोटे गट झाले, प्रत्येक कॉन्फरन्समध्ये तीन. नियम असा की डिव्हिजन जिंकणाऱ्या तिघांना कॉन्फरन्समध्ये पहिले तीन क्रमांक मिळणार, मग त्यांचे विजय कितीही असोत. दिसायला निरुपद्रवी. २००६ मध्ये त्याचं बिंग फुटलं.

पश्चिमेतले दोन सर्वोत्तम संघ, ६३ विजयांचं सॅन अँटोनिओ आणि ६० विजयांचं डॅलस, एकाच डिव्हिजनमध्ये होते. त्यामुळे डॅलसला मिळाला चौथा क्रमांक, आणि तिसरा गेला अवघे ४४ सामने जिंकलेल्या डेन्व्हरला. दोन तगडे संघ दुसऱ्या फेरीतच समोरासमोर आले. डॅलसने सातवा सामना जादा वेळेत जिंकला आणि पुढे अंतिम मालिका गाठली. ती दुसऱ्या फेरीची मालिका खरं म्हणजे पश्चिमेची अंतिम मालिका शोभली असती.

त्याहून मजेशीर प्रकार खाली चालला होता. पाचव्या-सहाव्या क्रमांकासाठी मेम्फिस आणि क्लिपर्स यांच्यात चुरस होती. पाचवा येणाऱ्याची गाठ ६० विजयांच्या डॅलसशी. सहावा येणाऱ्याची गाठ ४४ विजयांच्या डेन्व्हरशी, आणि शिवाय डेन्व्हरपेक्षा विजय जास्त असल्यामुळे घरचं कोर्टही सहाव्यालाच! म्हणजे हंगामाच्या शेवटी हरण्यातच शहाणपण. मेम्फिस पाचवं आलं आणि डॅलसने त्याला ४-० ने झोपवलं. सहाव्या आलेल्या क्लिपर्सनी डेन्व्हरला ४-१ ने हरवलं. संघांना हरावंसं वाटावं अशी रचना झाली की काहीतरी मुळातच चुकलंय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लीगने पुढच्याच हंगामात नियम थोडा सैल केला आणि २०१५-१६ पासून डिव्हिजनची ही सवलत पुरती काढून टाकली. आता फक्त विजय मोजले जातात.

प्ले-इन, म्हणजे आपल्या ओळखीचंच

२०२० मध्ये कोविडमुळे हंगाम मध्येच थांबला आणि उरलेले सामने ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डच्या बंदिस्त आवारात, प्रेक्षकांविना खेळवले गेले. आठव्या जागेचा फैसला न्याय्य व्हावा म्हणून तिथे आठव्या-नवव्यात एक छोटी लढत ठेवली होती. लीगला ती कल्पना आवडली. २०२१ मध्ये तिचं विस्तारित रूप आलं आणि २०२२ मध्ये ते कायम झालं.

आयपीएल बघणाऱ्याला प्ले-इन समजायला दोन मिनिटंही लागू नयेत. क्वालिफायर-एक, एलिमिनेटर आणि क्वालिफायर-दोन या तीन सामन्यांचा सांगाडा घ्या आणि तो सातव्या ते दहाव्या क्रमांकांवर बसवा. सातवा विरुद्ध आठवा: जिंकणारा सातव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये, हरणाऱ्याला आणखी एक संधी. नववा विरुद्ध दहावा: हरणारा घरी. मग पहिल्या लढतीत हरलेला आणि दुसऱ्या लढतीत जिंकलेला यांच्यात सामना, आणि त्यातला विजेता आठव्या क्रमांकाने आत. फरक इतकाच की आयपीएलमध्ये ही कसरत विजेता ठरवण्यासाठी असते आणि इथे फक्त दारातून आत शिरण्यासाठी.

लीगचा हेतू उघड आहे. एनबीएत तळाच्या संघांना पुढच्या वर्षीचे उगवते खेळाडू निवडण्याच्या सोडतीत जास्त संधी असते. त्यामुळे आठव्या क्रमांकाची आशा मावळली की अनेक संघ मार्चपासूनच हात-पाय गाळतात. काही तर मुद्दाम. दहाव्या क्रमांकापर्यंत आशा जिवंत ठेवली की त्यांचे शेवटचे वीस सामने बघण्यासारखे होतात. त्याचबरोबर वरच्यांनाही सहाव्या जागेसाठी झगडावं लागतं, कारण सातवं येण्यात आता जोखीम आहे.

सगळ्यांना हे पटलं नाही. २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सने ही कल्पना ज्याची आहे त्याला नोकरीवरून काढायला हवं, असं म्हटलं. नंतर त्याच्याच लेकर्सना सातव्या क्रमांकामुळे प्ले-इन खेळावा लागला आणि त्यानेच लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटवर वॉरियर्सविरुद्धचा सामना १०३-१०० असा सुटला. आठव्या क्रमांकाचे ते वॉरियर्स पुढची लढतही नवव्या मेम्फिसशी हरले आणि बाहेर पडले. जुन्या नियमाने ते आत असते. इथे पुन्हा तेच: ७२ सामन्यांनी (त्या वर्षी हंगाम छोटा होता) ठरवलेला क्रम दोन रात्रींत उलटला.

पण मायामीची २०२३ ची कथा याच्या उलट आहे. सातव्या क्रमांकाचं मायामी पहिला प्ले-इन सामना अटलांटाशी हरलं. दुसऱ्यात शिकागोला कसंबसं हरवून आठवं म्हणून आत आलं. मग ५८ विजयांच्या मिल्वॉकीला ४-१, न्यूयॉर्कला ४-२, बॉस्टनला ४-३ असं हरवत अंतिम मालिकेपर्यंत पोहोचलं. तिथे डेन्व्हरने त्यांना ४-१ ने रोखलं. दोन वर्षांनी हेच मायामी दहाव्या क्रमांकावरून दोन्ही प्ले-इन सामने जिंकून आत आलं. दहाव्याने हे जमवण्याची ती पहिली वेळ. पण पुढे क्लीव्हलंडने त्यांना ४-० ने धुतलं, शेवटचा सामना तर ५५ गुणांनी.

नुसतं आत शिरणंही काही शहरांसाठी किती मोठं असतं, ते सॅक्रामेंटोला विचारावं. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर हेच किंग्ज होते. त्या वेळी हा संघ २००६ नंतर एकदाही प्लेऑफ खेळला नव्हता. पुढे हे बाहेर राहणं सलग १६ हंगामांपर्यंत लांबलं, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ. २०२३ मध्ये तो संपला, तेही तिसऱ्या क्रमांकाने. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडायची टूम त्यांनी त्याच हंगामात काढली होती. पहिल्या फेरीत गतविजेत्या वॉरियर्सना त्यांनी सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. सातव्या सामन्यात स्टेफ करीने त्यांच्याच घरी ५० गुण केले आणि विषय संपवला.

दुसरीकडे काय चालतं

एनबीएचीच बहीण असलेल्या महिलांच्या डब्ल्यूएनबीएत १९९७ च्या पहिल्या वर्षी विजेतेपद एकाच सामन्यावर ठरलं. ह्यूस्टन कॉमेट्सनी न्यूयॉर्क लिबर्टीला हरवलं. २०१६ ते २०२१ मध्ये तिथे पहिल्या दोन फेऱ्या एक-एक सामन्याच्या होत्या. खेळाडूंना ते आवडत नव्हतं. २०२२ मध्ये मालिका परत आल्या आणि २०२५ मध्ये अंतिम मालिका प्रथमच सातची झाली. लास व्हेगस एसेसनी ती चार सामन्यांतच गुंडाळली. युरोलीग मात्र उलट मतावर ठाम आहे. १९८८ पासून, एखादा अपवाद वगळता, तिथे शेवटचे चार संघ एका शहरात जमतात आणि उपांत्य व अंतिम लढती एकेकाच सामन्याच्या होतात. हंगामभर अव्वल राहिलेला संघ तिथे एका वाईट संध्याकाळी संपतो. युरोपातल्या प्रेक्षकाला त्यात काही गैर वाटत नाही. फुटबॉलच्या चषक स्पर्धांनी त्याला ती सवय लावलेली आहे.

एनबीएत सध्या रेंगाळत असलेला मोठा वाद कॉन्फरन्सचा आहे. पूर्व-पश्चिम हा भेद मोडून सगळ्या लीगमधले सर्वोत्तम सोळा संघ घ्यावेत, पहिल्याची गाठ सोळाव्याशी लावावी, अशी मागणी वारंवार होते. २०१४ चं उदाहरण नेहमी दिलं जातं. पश्चिमेत फीनिक्सने ४८ सामने जिंकले आणि ते नववे आले, बाहेर राहिले. पूर्वेत अटलांटा ३८ विजयांवर आठवं येऊन आत गेलं. वरवर बघता हा ढळढळीत अन्याय. पण प्रत्येक संघ ८२ पैकी ५२ सामने स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये खेळतो आणि फक्त ३० समोरच्यांशी, त्यामुळे दोन्हीकडच्या विजयांची थेट तुलना तितकीशी सरळ नाही. ते सामने सारखे वाटायचे, तर वेळापत्रकच नव्याने आखावं लागेल. शिवाय पहिल्याच फेरीत मायामी विरुद्ध पोर्टलंड अशी जोडी लागली, तर देशाच्या आग्नेय कोपऱ्यातून वायव्य कोपऱ्यात विमानं उडवा, आणि पोर्टलंडला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना मायामीत रात्री साडेदहाला बघा. टीव्हीवाल्यांना हे परवडणारं नाही. पुण्या-मुंबईत तो सकाळी आठला दिसेल, पण ती सोय बघून कोणी वेळापत्रक आखत नाही.

आणि त्या ३८ विजयांच्या अटलांटाने २०१४ च्या पहिल्या फेरीत काय केलं? पूर्वेत पहिल्या आलेल्या इंडियानाला सातव्या सामन्यापर्यंत खेळायला लावलं.